स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर: कमरेच्या ऑपरेशननंतरही न थांबणाऱ्या दुखण्यावर कितपत उपयोगी?

ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, टाके कधीच भरले, एक्स-रेमध्ये स्क्रू जागच्या जागी आहेत, आणि तरी कुल्ल्यापासून पावलापर्यंत जाणारी आग काही थांबत नाही. अशा दुखण्याला बरीच वर्षं ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हटलं गेलं. हे नाव पेशंटवर आणि सर्जनवरही अन्याय करणारं होतं, कारण दर वेळी ऑपरेशन फसलेलं असतंच असं नाही. २०२१ पासून ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, टाइप २’ हे नाव रुळू लागलं आहे. पेशंटपुढचा पेच मात्र तोच आहे: पुन्हा चिरफाड करायची, गोळ्या वाढवत राहायचं, की मज्जारज्जूजवळ तार बसवून दुखण्याचा निरोप वाटेतच अडवायचा? हा आढावा तिसऱ्या पर्यायाचा, म्हणजे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर या यंत्राचा आहे.

मत आधीच सांगतो. यंत्र कोणतं घ्यायचं याची जितकी चर्चा होते, तितकी दुखणं कोणत्या जातीचं आहे याची होत नाही; आणि सगळा निकाल तिथेच ठरतो. पायात उतरणारं, नसेचं दुखणं असेल, चाचणी (आधी तात्पुरतं यंत्र लावून बघणं) प्रामाणिकपणे घेतली असेल आणि नंतर सेटिंग करून देणारी माणसं हाताशी असतील, तर या उपचाराचा विचार जरूर करावा. यातली एक गोष्ट जरी नसली, तरी सर्वात नवं मॉडेलही कमरेत बसवलेलं ओझंच ठरतं.

यंत्राचे भाग तीन. पहिला भाग म्हणजे लीड. ही बारीक, लवचिक तार असते आणि तिच्या टोकाला साधारण ८ धातूच्या कड्या असतात. काही लीडना १६ असतात. ही तार मज्जारज्जूत खुपसत नाहीत. तिची जागा रज्जूच्या जाड आवरणाच्या बाहेर, पाठीकडच्या एपिड्यूरल पोकळीत असते. दुसरा भाग पल्स जनरेटर, म्हणजे ज्याला सगळे सरसकट ‘बॅटरी’ म्हणतात ती डबी. ती कुल्ल्याच्या वरच्या भागात किंवा कुशीत, कातडीखाली बसते. तिसरा भाग हातातला रिमोट.

मार बसला की आपण आपसूक ती जागा चोळतो आणि जरा बरं वाटतं. स्पर्शाचे निरोप नेणारे जाड तंतू जागे झाले की दुखण्याचे निरोप नेणाऱ्या बारीक तंतूंची वाट अरुंद होते, असं रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी त्या विचारावर आधारलेला पहिला स्टिम्युलेटर माणसात बसवला. तेव्हापासून तंत्र खूप बदललं, पण मर्यादा बदलली नाही: हे यंत्र काहीही दुरुस्त करत नाही. दबलेली नस ते मोकळी करत नाही, पायातला अशक्तपणा घालवत नाही, बधिर झालेलं पाऊल जागं करत नाही. ते फक्त दुखणं कमी करतं. ‘नस बरी होईल’ असं कोणी सांगत असेल, तर तिथेच थांबून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

कोणाचं दुखणं या यंत्राला दाद देतं

जळजळ, करंट बसल्यासारखी कळ, मुंग्या, चादरीचा स्पर्शही नकोसा होणं, आणि हे सगळं कमरेपेक्षा पायात जास्त असणं, ही चांगली लक्षणं. चांगली म्हणजे उपचाराच्या दृष्टीने. उलट, उठताना-वाकताना कंबर धरते, पडून राहिलं की थांबते आणि पायात काहीच उतरत नाही, असं असेल तर ते बहुधा सांध्याचं, स्नायूंचं किंवा मणक्याच्या हालचालीचं दुखणं असतं. त्यावर परिणाम बेभरवशाचा आहे.

यंत्राचा विषय काढण्याआधी दुरुस्त होण्याजोगं काही राहून गेलं आहे का, हे तपासलंच पाहिजे: गादी पुन्हा सरकली आहे का, नसेची वाट अजून अरुंद आहे का, फ्यूजन केलेली (स्क्रू लावून जोडलेली) हाडं खरंच जुळली आहेत की स्क्रू हलतोय, फ्यूजनच्या वरचा किंवा खालचा मणका झिजायला लागला आहे का, आणि दुखणं मुळात कमरेखालच्या सॅक्रोइलियाक सांध्यातून येतंय का. ही शेवटची शक्यता फार वेळा नजरेतून सुटते. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा पायाची ताकद दिवसागणिक कमी होत असेल, तर ती वेळ स्टिम्युलेटरची नव्हे, तातडीने इमर्जन्सीत जाण्याची आहे.

उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये घातलेली अट आजही व्यवहारात उपयोगी पडते: नसेचं दुखणं, ० ते १०० मोजपट्टीवर किमान ५०, नेहमीचे उपचार करूनही किमान ६ महिने टिकलेलं, आणि चाचणीत फरक दिसलेला. मानसिक तपासणी सांगितली की अनेकांना राग येतो. ‘दुखणं मनाचं आहे’ असा त्याचा अर्थ नसतो. उपचार न झालेलं नैराश्य, झोपेचं खोबरं किंवा गोळ्यांची सवय असेल तर यंत्र चालू असूनही आराम जाणवत नाही. म्हणून आधी त्यावर उपचार आणि मग यंत्र, एवढंच.

पुरावा काय सांगतो

दोन्ही बाजू मांडायला हव्यात. २००७ च्या ‘प्रोसेस’ नावाच्या अभ्यासात १०० पेशंट होते, सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं आणि दुखणं मुख्यतः पायात. ६ महिन्यांनी, पायाचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले पेशंट स्टिम्युलेटरच्या गटात ४८ टक्के होते, तर फक्त नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ टक्के. आकडा प्रभावी आहे, पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सहसा सांगितला जात नाही: १२ महिन्यांत यंत्र बसवलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांना यंत्राशी संबंधित काही ना काही गुंतागुंत झाली. २००५ मध्ये ‘पुन्हा ऑपरेशन की स्टिम्युलेटर’ अशी थेट तुलना झाली, तीत स्टिम्युलेटर सरस ठरला. २०१५ च्या ‘सेन्झा’ अभ्यासात १० किलोहर्ट्झचा (सेकंदाला १०,००० ठोक्यांचा) प्रवाह मुंग्या आणणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा कंबर आणि पाय दोन्हींसाठी चांगला ठरला.

दुसरी बाजू अशी. जुन्या पद्धतीत मुंग्या जाणवतात, त्यामुळे यंत्र चालू आहे हे पेशंटला कळतंच. म्हणजे खोट्या उपचाराशी तुलना करणंच अवघड. मुंग्या न आणणाऱ्या पद्धती आल्यावर ते शक्य झालं. नॉर्वेत ५० पेशंटवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘बर्स्ट’ (झुबक्याझुबक्याने येणारा) प्रवाह आणि बंद यंत्र यांच्यात रोजच्या कामाच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. त्या अभ्यासातलं सेटिंग नेहमीच्या वापरातल्यासारखं नव्हतं अशी टीका झाली आणि ती गंभीरपणे घेण्यासारखी आहे. पण टीकेने निष्कर्ष पुसला जात नाही. झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानेही कंबरदुखीसाठी या उपचाराचा पुरावा अपुरा मानला. आमचं वाचन असं: पायाच्या नसेच्या दुखण्यासाठी आधार बऱ्यापैकी आहे, निव्वळ कंबरदुखीसाठी तो तोकडा आहे, आणि दोन-तीन वर्षांपुढचा आराम कोणी छातीठोकपणे सांगू नये.

चाचणीचा आठवडा: सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

या उपचाराची उत्तम बाजू म्हणजे कायमचं यंत्र बसवण्याआधी ते वापरून बघता येतं. पेशंटला पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतात, कातडी बधिर करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत १४ गेजची वाकड्या टोकाची सुई कमरेच्या वरच्या भागातून, बहुधा पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यांच्या मधून, तिरकी आत नेतात. जुन्या ऑपरेशनचा व्रण खाली असतो म्हणून सुई त्याच्या वरून. लीड सरकवत छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापर्यंत न्यायची. दुखणं कमरेत आणि पायात असताना तार इतकी वर का, असा प्रश्न पडतो. पायांकडून आणि कमरेकडून आलेले तंतू मज्जारज्जूत त्या पातळीवर एका प्रवाहाच्या टप्प्यात सापडतात, म्हणून. याच कारणाने चाचणीआधी छातीच्या भागाचा एमआरआय हवा: तिथे कण्याची पोकळी आधीच अरुंद असेल तर तार मज्जारज्जूवर दाब आणू शकते. फक्त कमरेचा जुना एमआरआय पुढे करून तारीख देत असतील, तर छातीच्या भागाबद्दल विचारलंच पाहिजे.

जुन्या पद्धतीत पेशंटला या वेळी जागं ठेवतात आणि ‘मुंग्या कुठे येतायत?’ असं विचारत तार जुळवतात. दुखणाऱ्या जागेवर मुंग्या पसरायला हव्यात. उत्तर देताना संकोच नको. ‘जवळपास तिथेच’ म्हणण्यापेक्षा ‘मांडीत येतायत, पिंढरीत नाहीत’ हे जास्त कामाचं.

तारेचं दुसरं टोक बाहेर ठेवून कमरेला लावलेल्या डबीला जोडतात आणि पेशंट घरी जातो, साधारण ५ ते ७ दिवसांसाठी. या काळात कमरेतून वाकायचं नाही, पिळायचं नाही, हात डोक्यावर ताणायचे नाहीत, दोन किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही आणि आंघोळीऐवजी अंग पुसून घ्यायचं. तार तेव्हा पक्की बांधलेली नसते. एक जोराची वाक आणि ती सेंटीमीटरभर खाली उतरते. मग ‘चाचणी फसली’ असा शिक्का बसतो, प्रत्यक्षात फसलेली असते ती तार चिकटवून धरणारी पट्टी.

चाचणी बिघडण्याची दुसरी कारणं याहून सूक्ष्म आहेत. आठवडाभर पलंगावर पडून राहिलं तर कोणाचंही दुखणं कमी होतं. म्हणून मनाई केलेल्या हालचाली सोडून बाकी सगळं करायचं: चालायचं, जिना चढायचा, ज्या खुर्चीत बसवत नव्हतं त्याच खुर्चीत बसून बघायचं. पहिले एक-दोन दिवस सुईच्या जागेचं दुखणं आणि बधिर केल्याचा अंमल यांनी चित्र धूसर असतं, त्यामुळे निकाल तिसऱ्या दिवसानंतरचा धरावा. वेदनाशामक गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, नाहीतर फरक कशाचा हे कळायला मार्ग उरत नाही.

नोंदवही चाचणीच्या एक आठवडा आधी सुरू करावी. दिवसातून तीनदा दुखण्याचे गुण, पायाचे वेगळे आणि कमरेचे वेगळे. सलग किती मिनिटं चालता आलं, किती वेळ बसता आलं, रात्री किती वेळा जाग आली, जादा गोळी लागली का. ५० टक्के आराम ही प्रचलित पातळी आहे, पण गुण ८ वरून ४ वर आले आणि चालणं होतं तितकंच राहिलं, तर आनंदाने सही करण्याची घाई नको. शक्य असेल तर टीमशी बोलून काही तास डबी बंद ठेवून बघावं. दुखणं परत आलं, चालू केल्यावर पुन्हा उतरलं, तर त्या निकालावर जास्त विश्वास ठेवता येतो.

चाचणी घेतलेल्यांचे पुढचे निकाल न घेतलेल्यांपेक्षा सरस असतात, असं ब्रिटनमधल्या २०२० च्या अभ्यासात दिसलं नाही, हेही सांगायला हवं. औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मात्र त्याच वर्षी, कायमचं यंत्र बसवण्याआधी चाचणी घ्या, असं डॉक्टरांना कळवलं. आमचा कौल चाचणीच्या बाजूने आहे. टाचणभर जखमेनंतर ‘नको’ म्हणता येण्याची ही एकमेव संधी असते.

कायमचं यंत्र बसवताना

लीड दोन प्रकारच्या. सुईतून जाणारी गोल तार, आणि हाडाचा छोटा तुकडा काढून बसवायची चपटी पट्टी, म्हणजे पॅडल. पॅडल कमी सरकते आणि तिला वीजही कमी लागते, कारण तिचा प्रवाह एकाच दिशेला जातो; पण ते खरंखुरं ऑपरेशन असतं. छातीच्या खालच्या भागात आधी शस्त्रक्रिया झाली असेल आणि सुईला वाटच नसेल, किंवा गोल तार पुन्हा पुन्हा सरकली असेल, तर पॅडल रास्त. बाकीच्यांना गोल तार पुरते.

डबीची जागा आदल्या दिवशी उभं राहून, बसून आणि नेहमीचा पट्टा बांधून ठरवावी. ऑपरेशन टेबलावर पालथं असताना ठरवलेली जागा नंतर नेमकी पट्ट्याखाली किंवा खुर्चीच्या पाठीवर येते. ज्या कुशीवर झोपायची सवय आहे त्याच्या विरुद्ध बाजू निवडावी. चार्ज होणारी डबी साधारण २ सेंटीमीटरच्या आतच हवी. चरबीत खोल गेली की चार्जर पोहोचत नाही. आत तार बांधताना ती घट्ट पडद्याला अँकरने जखडतात आणि तिथे एक सैल वेटोळं ठेवतात, म्हणजे वाकल्यावर ताण टोकापर्यंत पोहोचत नाही.

जंतुसंसर्ग टाळण्याचं निम्मं काम पेशंटकडे असतं. साखर आटोक्यात, तंबाखू-सिगारेट बंद, नाकातल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची तपासणी, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंग धुणं. प्रतिजैविक चीर देण्याआधी तासाभरात द्यायचं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आधी, वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांच्या संमतीनेच. आणि हा नियम चाचणीलाही लागू आहे. नंतरचे ६ ते १२ आठवडे वाकणं-पिळणं जपून, कारण तारेभोवती व्रण धरायला तेवढा वेळ लागतो.

सेटिंग आणि सेवा

इथे बहुतेक तक्रारी जन्माला येतात. जुना ‘टॉनिक’ प्रवाह साधारण ४० ते ६० हर्ट्झचा, मुंग्या आणणारा. ‘बर्स्ट’मध्ये ५ ठोक्यांचा झुबका सेकंदाला ४० वेळा. १० किलोहर्ट्झमध्ये मुंग्या येत नाहीत, पण वीज भरपूर जाते आणि बहुधा रोज चार्जिंग करावं लागतं. अलीकडची ‘क्लोज्ड लूप’ यंत्रं मज्जारज्जूचा प्रतिसाद मोजून प्रवाह स्वतः कमी-जास्त करतात. त्याची गरज का, हे टॉनिक वापरणाऱ्याला पहिल्याच रात्री कळतं: उताणं झोपलं की मज्जारज्जू तारेच्या जवळ येतो आणि मुंग्या एकदम झोंबतात, उभं राहिलं की विरतात. हा बिघाड नव्हे. झोपण्यासाठी वेगळा, चालण्यासाठी वेगळा प्रोग्राम मागून घ्यावा.

एकाच भेटीत सेटिंग जमेल ही अपेक्षा चूक आहे. पहिल्या काही महिन्यांत अनेक भेटी लागतात. त्या भेटींना कोण बसतं हे सही करण्याआधी विचारावं. अनेक ठिकाणी सेटिंग फक्त कंपनीचा प्रतिनिधी करतो, आणि तो बदलला की पेशंट अधांतरी राहतो. विभागातल्या डॉक्टरांना किंवा नर्सना प्रोग्रामर हाताळता येत असेल, तर ते केंद्र निवडावं, भले तिथलं मॉडेल एक पिढी जुनं का असेना.

चार्ज होणारी डबी दहा वर्षांच्या आसपास किंवा जास्त चालू शकते, न होणारी त्याआधी बदलावी लागते. तरी हात थरथरत असतील, विसरायला होत असेल किंवा घरी मदतीला कोणी नसेल, तर चार्ज न होणारीच बरी. जी डबी चार्ज करणंच जमत नाही, तिच्या दीर्घायुष्याचा उपयोग नाही.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

तार सरकली की मुंग्या भलतीकडेच जातात, बरगड्यांत किंवा पोटात. उपाय आधी एक्स-रे, समोरून आणि बाजूने, आणि ऑपरेशननंतरच्या एक्स-रेशी तुलना. म्हणून ती पहिली फिल्म जपून ठेवायची. थोडं सरकलेलं असेल तर दुसऱ्या कड्या वापरून भागतं, जास्त असेल तर पुन्हा उघडावं लागतं. तार तुटली की आराम एकाएकी जातो किंवा झटके बसतात. इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) तपासला की तुटलेली कडी अवाजवी मोठा आकडा दाखवते. यंत्र ठीक असूनही आराम हळूहळू ओसरणं ही तिसरी गोष्ट, आणि तीच सगळ्यात निराश करते. तिथे प्रवाहाचा प्रकार बदलणं किंवा काही दिवस यंत्र बंद ठेवून बघणं, हे करता येतं. दर वेळी यश येतं असं नाही.

जखम लाल होणं, पाणी येणं, ताप, ही लक्षणं दिसली की फोनवर फोटो पाठवून थांबू नये. संसर्ग डबीपर्यंत किंवा तारेपर्यंत गेला असेल तर फक्त गोळ्यांनी सहसा भागत नाही, सगळं काढावं लागतं. बसल्यावर वाढणारी आणि झोपल्यावर थांबणारी डोकेदुखी म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाला भोक पडून आतलं पाणी झिरपत असण्याची शक्यता. आणि बसवल्यानंतरच्या तासांत किंवा दिवसांत पाय लुळे पडू लागले, पाठीत भयंकर कळ आली, तर आत रक्त साचलं असू शकतं. हे क्वचित होतं, पण तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो; सकाळची वाट बघायची नाही.

डायथर्मी, म्हणजे फिजिओथेरपीतला खोल शेक, यंत्र असताना कधीही नको. तारेच्या टोकाशी ऊती भाजू शकतात. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आली तर सर्जनला आधी सांगावं, म्हणजे बायपोलर कॉटरी (चिमट्याच्या दोन टोकांपुरतीच वीज ठेवून रक्त थांबवणारं साधन) वापरता येते आणि यंत्र बंद ठेवता येतं. पेसमेकर असेल तर दोन्ही विभागांनी मिळून तपासणी करायची. मुंग्या आणणारा प्रवाह चालू ठेवून गाडी चालवू नये. विमानतळावर यंत्राचं कार्ड दाखवावं आणि सुरक्षा तपासणीच्या चौकटीत रेंगाळू नये.

एमआरआयची गोष्ट शेवटी येते, पण बसवतानाच ती मिटवायला हवी. ‘एमआरआय चालतो’ एवढं तोंडी ऐकून भागत नाही. लीड, डबी आणि मधलं एक्स्टेन्शन (जोडतार) असेल तर तेही, तिन्ही मिळून कोणत्या शक्तीच्या मशीनमध्ये, शरीराच्या कोणत्या भागाचा आणि कोणत्या मोडमध्ये चालतो, हे मॉडेल नंबरसह कागदावर हवं. यंत्र नको म्हणून काढून टाकलं तरी हा कागद लागतो. काढताना लीडचा तुकडा आत राहिला असेल तर त्याची लांबी आणि जागा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी, कारण सोडून दिलेल्या तारेच्या तुकड्यामुळे पुढचा एमआरआय नाकारला जाऊ शकतो.